'स्टेप बाय स्टेप', 'इन फेजेस', 'गोइंग थ्रू अ फेज': कुठे काय वापरायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑफिसचे मेल, रिपोर्ट, मुलांचे निबंध, सोसायटीच्या नोटिसा, सगळीकडे हे शब्द येतात आणि सगळीकडे थोडे थोडे चुकतात. जे प्रश्न परत परत येतात ते इथे एकत्र केलेत. क्रम असा काही नाही, तुम्हाला हवा तो प्रश्न वाचा.

स्टेप, स्टेज आणि फेज, तिन्ही म्हणजे टप्पाच ना? मग फरक काय?

मराठीत तिन्हीला टप्पा म्हणून भागतं, म्हणून तर घोळ होतो. शब्दाचा अर्थ पाठ करण्यापेक्षा त्याच्याबरोबर क्रियापद कुठलं येतं ते बघा, पटकन कळतं. स्टेप 'टेक' करतात. स्टेजला 'रीच' होतात. आणि फेजमध्ये 'एंटर' होतात किंवा तिच्यातून 'गो थ्रू' करतात. म्हणजे स्टेप ही कोणीतरी करायची कृती, स्टेज म्हणजे काम किंवा वाढ कुठवर आलीय ते, आणि फेज म्हणजे सुरुवात आणि शेवट असलेला एक काळ.

नाशिककडच्या द्राक्षवाल्यांचं बघा, ते इंग्रजी न शिकता हे बरोबर वापरतात. ऑक्टोबर छाटणी केली, ही स्टेप. औषधाच्या दुकानात गेलं की दुकानदार पहिलं विचारतो, बाग कुठल्या स्टेजला आहे, आणि उत्तर येतं पोंगा स्टेजला (म्हणजे नुकती फूट निघालीय), किंवा फुलोऱ्यात, किंवा मणी सेटिंगला, कारण कुठलं औषध द्यायचं ते त्यावर ठरतं. आणि छाटणीपासून मणी सेट होईपर्यंत ढग आले की पोटात गोळा येतो, फवारणीवर फवारणी, झोप नाही, तो सगळा काळ म्हणजे एक फेज. छाटणीला कोणी स्टेज म्हणत नाही आणि पोंग्याला कोणी स्टेप म्हणत नाही.

'इन अ फेज्ड मॅनर' असं लिहिलं तर चूक आहे का?

चूक नाही, पण कंटाळवाणं आहे. सरकारी जीआरमध्ये 'टप्प्याटप्प्याने' असतं, त्याचं इंग्रजी करताना कोणीतरी हे लिहिलं आणि मग आपल्याकडे सगळ्यांनाच सवय लागली. 'इन फेजेस' एवढंच लिहा, अर्थ तोच. २०२४ ची लोकसभा निवडणूक १९ एप्रिल ते १ जून अशी सात टप्प्यांत झाली, इंग्रजीत 'इन सेव्हन फेजेस', संपलं. त्यातल्या पहिल्या पाच फेजेसमध्ये महाराष्ट्राच्या ४८ जागा उरकल्या. त्याच वर्षी विधानसभा मात्र एकाच दिवशी, २० नोव्हेंबरला, म्हणजे 'इन अ सिंगल फेज'. हे वाक्य वाचायला कुठे अडतं का? नाही ना. मग 'मॅनर' कशाला.

'फेज-वाइज' हाही आपलाच लाडका शब्द. भारतात सगळ्यांना कळतो, बाहेरचा क्लायंट असेल तर 'फेज बाय फेज' लिहा.

मग कधी 'इन फेजेस' आणि कधी 'इन स्टेजेस'? दोन्ही चालतात असं ऐकलंय.

बऱ्याच वेळा दोन्ही चालतात, खोटं कशाला सांगू. पण जिथे फरक पडतो तिथे चांगलाच पडतो. वाढीचा क्रम निसर्गानेच ठरवलेला असेल, एकानंतर दुसरं येणारच असेल, तर स्टेज. रेशमाच्या किड्याचं अंडी, अळी, कोष, पतंग, ह्या चार स्टेजेस आहेत, ह्यांना फेजेस म्हटलं तर कानाला खटकतं. आणि काम मोठं आहे, एका दमात होणार नाही, म्हणून माणसांनी त्याचे तुकडे पाडले असतील तर फेज. मुंबई मेट्रो ३ घ्या. ऑक्टोबर २०२४ ला आरे ते बीकेसी, मे २०२५ ला पुढे आचार्य अत्रे चौकापर्यंत, आणि ऑक्टोबर २०२५ ला थेट कफ परेडपर्यंत. ह्याला 'ओपन्ड इन फेजेस' म्हणायचं, कारण कुठे तुकडा पाडायचा हे माणसांनी ठरवलं, दुसरीकडेही पाडता आला असता.

एकाच वाक्यात दोन्ही हवेत तर नवीन शैक्षणिक धोरण आहे की. २०२० च्या त्या धोरणात शाळेची पाच अधिक तीन अधिक तीन अधिक चार वर्षं अशी विभागणी आहे, ह्या चार भागांना धोरणातच 'स्टेज' म्हटलंय, फाउंडेशनल स्टेज वगैरे. कारण मूल वाढतं त्या क्रमाने ते आहे. पण आपल्या राज्यात ते आणलं टप्प्याटप्प्याने, २०२५-२६ ला आधी पहिलीचा वर्ग, मग पुढचे वर्ग. म्हणजे 'फोर स्टेजेस, इंट्रोड्यूस्ड इन फेजेस'. हे वाक्य नीट समजलं तर ह्या पानाचं अर्धं काम झालं.

मधली भानगड म्हणजे शिक्षकांचं टप्पा अनुदान. अंशतः अनुदानित शाळांना २० टक्के, ४० टक्के, ६० टक्के असं चढत जातं ते. इथे 'इन स्टेजेस ऑफ ट्वेंटी परसेंट' जास्त बरोबर, कारण प्रत्येक शाळा एकेक पायरी चढून शंभरला पोचायची आहे. कधी पोचणार तो प्रश्न वेगळा, त्यासाठी लोक आझाद मैदानात बसतात.

'स्टेप बाय स्टेप' मध्ये हायफन टाकायचा की नाही?

नामाच्या आधी आलं तर टाका, 'अ स्टेप-बाय-स्टेप गाइड'. क्रियापदानंतर आलं तर नको, 'एक्स्प्लेन इट स्टेप बाय स्टेप'. आणि 'स्टेप्स बाय स्टेप्स' असं कधीच नाही. कितीही पायऱ्या असल्या तरी एकवचनच.

'ॲट धिस स्टेज', 'इन धिस स्टेज' की 'ऑन धिस स्टेज'?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि ह्याचं कारण आपल्या मराठीत बसलंय. आपण म्हणतो 'ह्या टप्प्यावर', वर म्हटलं की हात आपोआप 'ऑन' टाईप करतो. आणि 'ऑन धिस स्टेज' म्हणजे इंग्रजी वाचणाऱ्याला वाटतं तुम्ही माइक घेऊन व्यासपीठावर उभे आहात. स्टेजला 'ॲट' लावा: 'ॲट धिस स्टेज वी कॅनॉट कन्फर्म द डेट'. फेजला 'इन' किंवा 'ड्युरिंग': 'इन द फर्स्ट फेज'. 'ॲट धिस फेज' असं बरेच जण लिहितात, ते टाळा.

एक अपवाद लक्षात ठेवावा लागेल. शेवटी-शेवटी किंवा सुरुवातीला असं मोघम म्हणायचं असेल तर अनेकवचन आणि 'इन': 'इन द अर्ली स्टेजेस', 'इन द फायनल स्टेजेस'. आपला आवडता 'लास्ट स्टेज' इथे बसत नाही. 'द प्रोजेक्ट इज इन लास्ट स्टेज' असं वाचलं की प्रोजेक्ट आयसीयूमध्ये आहे की काय असं वाटतं, 'इन इट्स फायनल स्टेजेस' लिहा.

'ही इज गोइंग थ्रू अ फेज' म्हणजे नक्की काय? कोणाबद्दल म्हणायचं?

म्हणजे सध्या तो जे काही करतोय ते तात्पुरतं आहे, थोडे दिवस जाऊ द्या, आपोआप निवळेल. मुलगा अचानक फक्त काळे कपडे घालायला लागला, मुलगी कोणाशी बोलतच नाही, नुसती हेडफोन लावून बसते, दोन वर्षांचं पोर प्रत्येक गोष्टीला नाही म्हणतं, अशा वेळी आई-वडील हे म्हणतात. मराठीत आपली आजी म्हणायची, वयच आहे ते, जाईल. तेच हे.

पण सूर सांभाळा. हे वाक्य मोठ्याने लहानाबद्दल बोलायचं वाक्य आहे, समोरच्याच्या तोंडावर बोललं की 'तुझं हे काही खरं नाही' असं ऐकू जातं. सतरा वर्षांच्या मुलाने सांगितलं मला इंजिनिअरिंग नाही करायचं, आणि तुम्ही म्हणालात 'इट्स जस्ट अ फेज', झालं, त्या दिवशी दरवाजा बंद. कोणी आपल्या लैंगिकतेबद्दल सांगत असेल, कोणी डिप्रेशनबद्दल बोलत असेल, तिथे तर हे वाक्य अजिबात नको, कारण हेच वाक्य त्या लोकांनी आधी इतक्या वेळा ऐकलेलं असतं की ऐकून संताप येतो. दुःखात असलेल्या माणसाला 'यू आर गोइंग थ्रू अ लॉट' म्हणा, त्यात तुम्ही त्याचं दुःख मोठं मानताय. 'अ लॉट' आणि 'अ फेज' मध्ये हा एवढा फरक आहे.

आणि व्याकरण: 'थ्रू' च, 'फ्रॉम' नाही. मराठीत 'वाईट काळातून जातोय', त्या 'तून' चं लोक 'फ्रॉम' करतात. 'ही इज गोइंग फ्रॉम अ बॅड फेज' हे चुकीचं आहे.

'बॅड फेज' बरोबर आहे का, की 'बॅड पॅच' म्हणायचं?

दोन्ही बरोबर, क्रिकेटमुळे आपल्याला 'पॅच' जास्त जवळचा. 'लीन पॅच' म्हणजे धावा आटल्या. विराट कोहलीने नोव्हेंबर २०१९ मध्ये कोलकात्याच्या गुलाबी चेंडूच्या कसोटीत शतक मारलं आणि पुढचं आलं थेट ८ सप्टेंबर २०२२ ला, दुबईत अफगाणिस्तानविरुद्ध. पावणेतीन वर्षांचा लीन पॅच. उलट सगळं मस्त चाललं असेल तर 'पर्पल पॅच'.

आपल्याकडे ह्याला तयार शब्द आहे, साडेसाती. आणि गंमत म्हणजे ज्योतिषवाले इंग्रजीत लिहितात तेव्हा तिच्या अडीच-अडीच वर्षांच्या तीन भागांना 'फर्स्ट फेज, सेकंड फेज, थर्ड फेज' असंच म्हणतात, स्टेज म्हणत नाहीत. शनीवर विश्वास असो नसो, शब्द बरोबर निवडलाय, कारण ठरलेल्या वेळी येते आणि ठरलेल्या वेळी जाते असा तो काळ आहे.

'प्लीज गो थ्रू द अटॅच्ड फाईल' मधला 'गो थ्रू' वेगळा का?

हो. तिथे अर्थ वाचून काढा, नजर घाला. 'लेट्स गो थ्रू द स्टेप्स' म्हणजे एकेक पायरी बघू या. कोणी तुम्हाला समजावून सांगावं असं हवं असेल तर 'कॅन यू वॉक मी थ्रू इट' म्हणा, हे विनंतीसारखं वाटतं.

'फेज आउट' आणि 'फेज इन' कसं वापरायचं?

एकदम बंद न करता हळूहळू काढणं म्हणजे फेज आउट, हळूहळू आणणं म्हणजे फेज इन. मुंबईची पद्मिनी टॅक्सी हे ह्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण. गाडीला वीस वर्षांची मर्यादा, जिची वीस वर्षं भरली ती रस्त्यावरून गेली, अशा एकेक करत कमी होत गेल्या. शेवटची नोंद झाली होती ऑक्टोबर २००३ मध्ये ताडदेव आरटीओत, त्यामुळे ऑक्टोबर २०२३ संपता संपता ती काळी-पिवळी पद्मिनी इतिहासजमा झाली. 'द पद्मिनी टॅक्सीज वेअर फेज्ड आउट.' बेस्टची जुनी डबलडेकर पण त्याच वर्षी १५ सप्टेंबरला शेवटची धावली, आणि तिच्या आधीच फेब्रुवारीत इलेक्ट्रिक एसी डबलडेकर आल्या होत्या. जुन्या फेज आउट, नव्या फेज इन, एका वर्षात दोन्ही बघायला मिळालं. जुन्या बसच्या वरच्या मजल्यावर पुढची सीट पकडायला जी धावाधाव व्हायची ती मजा एसीत नाही, असो.

आता उलटं उदाहरण. ८ नोव्हेंबर २०१६ ला रात्री आठला पाचशे आणि हजारच्या नोटांचं जे झालं त्याला फेज आउट म्हणता येणार नाही. चार तासांत व्यवहारातून बाद. तिथे 'स्क्रॅप्ड' किंवा 'विथड्रॉन'. मेलमध्ये 'वी आर फेजिंग आउट द ओल्ड सॉफ्टवेअर' लिहिलंत तर लोक धरून चालणार की अजून काही महिने ते चालू आहे, सोमवारपासून लॉगिनच होणार नसेल तर तसं स्पष्ट लिहा.

अजून एक चूक, 'द ओल्ड बसेस फेज्ड आउट' असं नाही, मध्ये 'वेअर' लागतं. बस स्वतः काही फेज आउट होत नाही, कोणीतरी करतं.

कॅन्सरला स्टेज आणि लसीच्या चाचणीला फेज, असं का?

कॅन्सर किती पसरलाय, कुठवर गेलाय, हे सांगायचं असतं म्हणून स्टेज, एक ते चार. चाचणी माणसांनी आखलेली असते, आधी थोड्या लोकांवर, मग जास्त, मग हजारोंवर, म्हणून फेज. कोविडच्या वेळी 'तिसऱ्या टप्प्याच्या चाचण्या' हे आपण रोज पेपरात वाचत होतो, ते म्हणजे फेज थ्री. लसीकरण पण फेजेसमध्येच झालं, १६ जानेवारी २०२१ पासून आधी आरोग्य कर्मचारी, १ मार्चपासून साठीच्या वरचे आणि पंचेचाळीसच्या वरचे आजारी लोक, १ एप्रिलपासून पंचेचाळीसच्या वरचे सगळे, आणि १ मेपासून अठराच्या पुढचे.

नियम मोडणारं एक उदाहरण पण सांगून ठेवतो. सीएमएल नावाचा रक्ताचा कॅन्सर आहे, त्यात डॉक्टर क्रॉनिक फेज, ॲक्सिलरेटेड फेज, ब्लास्ट फेज असं बोलतात. कारण तो गाठीसारखा एका जागेवरून पसरत जाण्याचा प्रकार नाही, आजार वेगवेगळ्या वेळी वेगवेगळा वागतो. रिपोर्टमध्ये जे लिहिलंय तेच वापरा, भाषांतर करताना आपल्या मनाने स्टेजचं फेज करू नका, नातेवाईक घाबरतात.

बिल्डरच्या ब्रोशरमध्ये 'फेज वन', 'फेज टू' असतं, त्याला काही खास अर्थ आहे का?

आहे, आणि इथे शब्द हलक्यात घेतला तर पैसे अडकतात. रेरा कायद्यात सरळ म्हटलंय की प्रोजेक्ट फेजेसमध्ये होणार असेल तर प्रत्येक फेज हा स्वतंत्र प्रोजेक्ट धरायचा आणि त्याची वेगळी नोंदणी करायची. म्हणजे ब्रोशरवर स्विमिंग पूल आणि क्लब हाउसचं चित्र आहे, तुमचा फ्लॅट फेज वनमध्ये आहे आणि पूल फेज थ्रीमध्ये, तर तुमच्या फेजची ताब्याची तारीख वेगळी, पुलाची वेगळी. महारेराच्या साइटवर तुमच्या फेजचा नोंदणी क्रमांक टाकून बघा त्यात काय काय आहे. सेल्समन 'सर सगळं एकच प्रोजेक्ट आहे' म्हणेल, म्हणू द्या.

त्याच करारात 'स्टेज' पण येतो, पैसे भरायच्या तक्त्यात. प्लिंथ स्टेज, पहिला स्लॅब, दुसरा स्लॅब, प्लास्टर. काम तिथवर पोचलं की हप्ता द्यायचा, आधी नाही. आणि करार रजिस्टर व्हायच्या आधी दहा टक्क्यांच्या वर घ्यायला कायद्याने मनाई आहे. तर एकाच कागदावर फेज म्हणजे कुठली बिल्डिंग कधी, आणि स्टेज म्हणजे तुमची बिल्डिंग कुठवर आली. दोन्ही पेनाने अधोरेखित करून वाचा.

हिंजवडी फेज थ्री, थ्री फेज लाईट, हे पण तेच का?

हिंजवडीचं तेच, आयटी पार्क टप्प्याटप्प्याने वाढत गेलं आणि टप्प्याचं नाव पत्त्याला चिकटलं. आता 'मी फेज थ्रीला आहे' म्हणजे माणूस संध्याकाळी ट्रॅफिकमध्ये अडकणार एवढंच कळतं. विजेचं वेगळं, तिथे फेज म्हणजे एसी करंटच्या लहरी एकमेकींच्या पुढे-मागे असणं. शेतात मोटार चालवायला थ्री फेज लागते, घरात सिंगल फेजवर भागतं, त्याचा 'टप्प्याटप्प्याने'शी संबंध नाही.

दुःखाच्या पाच स्टेजेस म्हणतात, त्या क्रमाने याव्याच लागतात का?

नाही. डॉ. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या त्या पाच गोष्टी, नकार, राग, घासाघीस, खिन्नता, स्वीकार. आणि मुळात त्या मरणाच्या दारात असलेल्या पेशंटशी बोलून लिहिलेल्या होत्या, मागे राहिलेल्यांबद्दल नंतर वापरायला लागले. माणसं त्या क्रमाने जातातच असं नाही, कोणी दोन गाळतं, कोणी परत मागे येतं. इथे स्टेज हा शब्दच थोडा नडलाय, स्टेज म्हटलं की शाळेच्या इयत्तेसारखं पास होत पुढे जायचं असं वाटतं. वडील जाऊन सहा महिने झालेल्या मित्राला 'तू आता कितव्या स्टेजला आहेस' असं विचारू नका, लोक खरंच विचारतात.

मराठीत बोलताना 'तो फेज' की 'ती फेज'? आणि 'ते स्टेज' की 'ती स्टेज'?

फेज दोन्हीकडे ऐकू येतं, 'ती फेज' जास्त. स्टेजचं मात्र छान वाटप झालंय, नाटकाचं ते 'ते स्टेज', आजाराची किंवा कामाची ती 'ती स्टेज'. प्रत्यय पण वेगळे, स्टेजवर उभा राहिला आणि दुसऱ्या स्टेजला आहे. कोणी शिकवलं नाही, आपोआप झालं.

एसटीत टप्पा म्हणतात तो म्हणजे भाड्याची स्टेज, सहा किलोमीटरची. 'टप्पा वाहतूक' हे 'स्टेज कॅरेज'चंच सरकारी मराठी.

'अनफेज्ड' चं स्पेलिंग फेजसारखंच का?

नाही. तो शब्द वेगळा, पी-एच नाही, एफ-ए-झेड-ई. अर्थ डगमगला नाही, विचलित झाला नाही. देवनागरीत सारखं दिसतं म्हणून फसायला होतं, आणि स्पेलचेक पकडेलच असं नाही कारण 'फेज' दोन्ही स्पेलिंगने खरा शब्द आहे.

बॉसने 'व्हॉट स्टेज इज इट ॲट' विचारलं तर काय उत्तर द्यायचं?

स्टेज विचारलीय, स्टेज सांगा. 'वी आर वर्किंग ऑन इट' हे उत्तर नाही. 'टेस्टिंग स्टेज, टू बग्ज लेफ्ट, फ्रायडे' असं तुटक लिहिलं तरी चालतं, फक्त फ्रायडे कुठला ते तारखेसकट टाका, नाहीतर अर्ध्या तासात पुढचा मेल येतो.